आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणि लेथवाल्याची कानस

खंडेनवमीच्या सकाळी धाराशिव जिल्ह्यात लोखंडाला देवपण येतं. विळे, कोयते, पाने, सुताराची वाकस, ट्रॅक्टरचं बोनेट, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदीकुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो. तुळजापूरचं नवरात्र संपत आलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन असतं. अशा सकाळी काही मोजक्या जुन्या घरांत कपाटाच्या आतल्या खणातून मलमलीत गुंडाळलेली एक जड वस्तू निघते आणि पाटावर जाऊन बसते. पणजोबांचं किंवा आजोबांचं, वारशाने आलेलं, परवाना असलेलं रिव्हॉल्व्हर. आरती होते, प्रसाद वाटला जातो आणि पुण्याहून सुट्टीला आलेला कुणी भाचा किंवा जावई विषय काढतो. नुसतं पूजेला ठेवून काय उपयोग? जरा दुरुस्त करून घ्या, नळी आखूड करा, चाप हलका करा, हल्ली मिळतं ते काडतूस बसेल असं करून घ्या. मग खरंच कामाला येईल.

हे मत फक्त दसऱ्याच्या गप्पांपुरतं नाही. शस्त्रांच्या हौशी मंडळींत ते जगभर मुरलेलं आहे आणि त्याच्यामागे मांडणीही आहे. हत्यार वापरासाठीच असतं. जुनं पोलाद आजच्यापेक्षा दणकट होतं. नवं हत्यार महाग पडतं, तर जुनं थोड्या खर्चात तेच काम देईल. परदेशात नावाजलेल्या कारागिरांनी हेच केलं, खुद्द ब्रिटिश लष्करानेही केलं. आणि शेवटी वस्तू आपल्या घराण्याची आहे, तिचं काय करायचं ते आपण ठरवू. यातला प्रत्येक मुद्दा ऐकताना पटतो. रिव्हॉल्व्हर हातात घेऊन तपासायला बसलं की एकही टिकत नाही.

सुरुवात दणकट पोलादापासून करू, कारण बाकीचे मुद्दे त्याच्याच आधाराने उभे आहेत.

रिव्हॉल्व्हर उघडलं की मधली चक्री दिसते. तिला बहुधा सहा घरं असतात. घोडा मागे ओढला की आतला एक छोटा दात चक्रीला एक घर पुढे ढकलतो आणि खालून दुसरा तुकडा तिच्या खाचेत बसून तिला जागेवर धरतो. त्या क्षणी समोरचं घर आणि नळी एका रेषेत आलेली असली पाहिजेत, कारण गोळीला घरातून नळीत उडी मारायची असते. हा दात, ही खाच आणि हे घर साठ-सत्तर वर्षं झिजलेलं असलं, तर चक्री किंचित डगडगते. बोटांनी धरून हलवली तर ते हाताला कळतं. अशा वेळी गोळी नळीच्या तोंडावर कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूने उडतात. हे सगळं हाताच्या पंजापासून चार बोटांवर घडतं. चक्रीच्या घराची भिंत काही मिलिमीटरच जाड असते. दारूचा सगळा दाब तेवढ्या भिंतीने सोसायचा असतो.

ही भिंत किती जाड ठेवायची, हे त्या काळच्या कारखान्याने त्या काळच्या काडतुसावरून ठरवलं होतं. जुनं पोलाद वाईट होतं असं कुणीच म्हणत नाही. ते त्याच्या कामापुरतं होतं. अमेरिकेच्या कोल्ट कंपनीने आपल्या १८७३ च्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरला धूररहित दारू चालेल अशी हमी दिली ती १९०० साली. त्याआधीच्या हत्यारांना काळ्या दारूचाच दाब माहीत होता. मॉडेल तेच, दिसायला तेच, पण आतला हिशोब वेगळा. घरातल्या कपाटात असलेलं हत्यार त्या रेषेच्या अलीकडचं की पलीकडचं, हे त्याच्या चकाकीवरून ओळखता येत नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या गप्पांत सर्वाधिक ऐकू येणारं नाव वेब्लीचं. बर्मिंगहॅमच्या या कंपनीचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ साली स्वीकारलं. त्याचा सहावा अवतार १९१५ चा, पहिल्या महायुद्धातला. सहा इंच नळी, वजन एक किलोहून थोडं जास्त आणि .४५५ मापाचं काडतूस. मधोमध मोडून उघडतं आणि उघडताच सगळी रिकामी काडतुसं एकदम वर उचलली जातात. तशी देखणी रचना. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरं स्वस्तात अमेरिकेत पोहोचली. तिथे .४५५ ची काडतुसं दुर्मिळ होती, तर तिथल्या लष्करी पिस्तुलाची .४५ काडतुसं पोत्यांनी मिळत होती. व्यापाऱ्यांनी चक्रीची मागची बाजू घासून अमेरिकन काडतूस बसेल अशी सोय केली आणि हजारो रिव्हॉल्व्हरं ‘उपयोगी’ करून विकली.

वेब्लीच्या मूळ काडतुसाचा दाब सुमारे १३ हजार पौंड प्रति चौरस इंच. अमेरिकन काडतुसाचा कमाल दाब २१ हजार. म्हणजे ज्या हत्याराला कारखान्याने एका पातळीसाठी घडवलं होतं, त्याला दर गोळीमागे दीडपटीहून जास्त दाब सोसायला लावला गेला. काही टिकली, काही सैल झाली, काहींच्या चक्र्या फुटल्या. आज जुन्या शस्त्रांचे जाणकार घासलेली वेब्ली दिसली की आधी काडतुसाची चौकशी करतात. आणि न घासलेल्या वेब्लीला संग्राहक जास्त किंमत देतात. म्हणजे ज्या बदलाने वस्तू ‘कामाची’ झाली, त्यानेच ती धोक्याची झाली आणि स्वस्तही झाली.

दुसरं उदाहरण तर याहून साधं आहे. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसन कंपनीने ब्रिटिश आणि राष्ट्रकुलाच्या सैन्यांना लाखोंनी रिव्हॉल्व्हरं पुरवली. त्यांचं काडतूस आखूड आणि जरा जाड होतं. युद्धानंतर ती विकायला काढणाऱ्यांनी घरं आतून लांब कोरून त्यात अमेरिकेतलं लोकप्रिय .३८ स्पेशल बसवलं. लांबी जुळली, जाडी कशी जुळणार? आधीच रुंद असलेल्या घरात बारीक काडतूस ढिलं बसतं. गोळी सुटली की पितळी पुंगळी फुगते, कधी चिरते. गोळीही नळीपेक्षा बारीक पडते, त्यामुळे नेम भटकतो. लेथवर किती सफाईने काम झालं यावर काहीच अवलंबून नव्हतं, चूक मापातच होती. तुळजापूर रस्त्यावरचा लेथवाला बोअरच्या मोटारीचा शाफ्ट शंभरांश मिलिमीटरमध्ये बसवून देतो, त्याच्या हातात कसब आहे यात वाद नाही. पण घासल्याने पोलाद कमी होतं, वाढत नाही. ढिल्या घराला घट्ट करणारी कानस अजून कुणी बनवलेली नाही.

आता परदेशी कारागिरांचा दाखला. हौशी मंडळी इथे एल्मर कीथचं नाव घेतात आणि ते योग्यच घेतात. आयडाहोचा हा गुराखी-लेखक जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या फेरफारांचा आद्यगुरू मानला जातो. १९२० च्या दशकात त्याने वेगवेगळ्या जुन्या भागांतून, पट्टीच्या बंदूक-कारागिरांकडून बनवून घेतलेलं ‘नंबर पाच’ हे रिव्हॉल्व्हर आजही दंतकथा आहे. पण याच कीथने जड गोळ्या आणि जास्त दाबाच्या नादात जुनं .४५ कोल्ट हातातच फोडलं होतं. चक्रीचा वरचा अर्धा भाग आणि वरची पट्टी उडून गेली. त्यातून त्याने घेतलेला धडा महत्त्वाचा आहे. तो .४५ सोडून .४४ कडे वळला, कारण त्याच आकाराच्या चक्रीत लहान घरांच्या भिंती जाड राहतात. पुढे तीस वर्षं तो कंपन्यांच्या मागे लागला की जास्त ताकदीचं काडतूस हवं आणि त्यासाठी त्याला पेलणारं हत्यारही हवं. १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम आलं, तेव्हा ते नव्या पोलादाच्या, नव्या रिव्हॉल्व्हरसह आलं. फेरफारवाल्यांच्या गुरूने अखेर नव्या हत्याराचीच मागणी केली, हा भाग त्याच्या चेल्यांच्या गोष्टीतून गळतो.

लष्कराचा दाखलाही असाच अर्धा सांगितला जातो. ब्रिटिश सैन्याच्या .३८ एनफील्ड रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचं शेपूट रणगाड्यातल्या जवानांच्या कपड्यांत आणि यंत्रांत अडकतं, अशी तक्रार होती. १९३८ च्या सुधारित आवृत्तीत ते शेपूट काढून टाकलं आणि चापही हलका केला. आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचं शेपूट कापायला निघालेल्याला हे उदाहरण फार आवडतं. मात्र ते काम सरकारी कारखान्यात, नव्या नकाशांवर, तपासणीच्या शिक्क्यासह आणि संपूर्ण मालिकेसाठी झालं. तरीही घोडा आधी चढवून शांतपणे नेम धरण्याची सोय गेली म्हणून सैनिक कुरकुरत राहिले. त्याच मालिकेची पुढची पायरी तर कुणी सांगतच नाही. १९४२ मध्ये युद्धाच्या घाईत एनफील्डमधून घोडा रोखणारा एक छोटा तुकडा वगळण्यात आला, कारण त्याने उत्पादन सोपं होत होतं. असं रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तर उडू शकतं, हे ध्यानात आल्यावर युद्धानंतर ती परत मागवून जवळपास सगळ्यांत तो तुकडा पुन्हा बसवला गेला. एका साम्राज्याच्या शस्त्रखात्याचाही एका लहान तुकड्याबाबतचा अंदाज चुकला होता.

पडण्याचा मुद्दा पुस्तकी नाही. १८७६ च्या जानेवारीत कॅन्ससमधल्या विचिटा शहरात खुर्चीत बसलेल्या एका पोलिसाचं रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटून पडलं आणि उडालं. तो पोलिस म्हणजे वायट अर्प, पुढे अमेरिकन पश्चिमेतला सर्वांत प्रसिद्ध बंदूकधारी. नशिबाने कुणाला लागलं नाही. १९४४ मध्ये एका युद्धनौकेच्या डेकवर पडलेल्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरने एका खलाशाचा जीव घेतला आणि कंपनीने घाईने नवी सुरक्षा बसवली. जुन्या रचनांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये भरवशाचा अडसर नसतो. त्यात ‘चाप मऊ करून द्या’ म्हणून स्प्रिंग बदलली, दात घासला, की जो काही अडसर उरला आहे तोही पातळ होतो. चाप मऊ झाल्याचं समाधान दुकानात मिळतं. त्याचा हिशोब मोटारसायकलवरून खड्ड्यातून जाताना लागतो.

फेरफाराचा एक प्रकार मात्र मान्य करावा लागेल. अमेरिकेच्या रूगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये पडल्यावर गोळी उडू न देणारी पट्टी आणली. त्याआधी विकलेल्या आपल्याच जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती सुरक्षा फुकट बसवून देण्याची सोय कंपनीने ठेवली. काम करून हत्यार परत पाठवताना काढलेले मूळ भाग मालकाच्या हवाली केले जातात, म्हणजे हवं तेव्हा हत्यार मूळ रूपात आणता येतं. ज्याने बनवलं त्यानेच बदललं, चाप हलका करण्यासाठी नव्हे तर जास्त सुरक्षेसाठी बदललं आणि मूळ भाग जपून दिले. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बदल करावा म्हणणाऱ्याने या तीन कसोट्या आधी लावून पाहाव्यात. औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये त्यातली एकही पूर्ण होत नाही.

आता उपयोगाचा मुद्दा. कोणता उपयोग?

२०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पोहोचला. कॅमेऱ्यात दिसला आणि बार्शीपासून धाराशिवपर्यंत वस्त्यावस्त्यांवर रात्रीची झोप उडाली. गुरं मारली गेली, शेतात पाणी द्यायला जाणं अवघड झालं. त्या दिवसांत हत्याराची भाषा साहजिक होती. शेतवस्तीवर एकट्या राहणाऱ्या कुटुंबाची भीती खोटी नव्हती. पण वाघासमोर जुनं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर हे संरक्षण नव्हे. रात्री, घाबरलेल्या हाताने, काही फुटांवरही त्यातून नेम लागेल याची खात्री नाही. आणि जखमी झालेला वाघ न दिसणाऱ्या वाघापेक्षा कितीतरी घातक. शिवाय वाघ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ज्वारी आणि हरभरा उकरणाऱ्या रानडुकरांची गोष्टही वेगळी नाही. त्यांच्याबाबत काही करायचं असेल तर त्याचा रस्ता वनखात्याच्या कचेरीतून जातो, पणजोबांच्या कपाटातून नाही.

उरला चोरांचा आणि दमदाटीचा मुद्दा. पवनचक्क्यांच्या जमिनी, वाळू, ठेके, भावकीतली भांडणं, या सगळ्यांनी मराठवाड्यातलं वातावरण तापलेलं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर शस्त्र परवाने हजाराहून अधिक असल्याचं समोर आलं. प्रशासनाने त्यातले शंभराहून जास्त रद्द केले. तिथल्या चर्चेचा विषय परवाना असलेल्या माणसाकडे चांगलं हत्यार नाही, हा नव्हता. हत्यारं मिरवली जातात, लग्नात आणि समाजमाध्यमांवर झळकतात, हा होता. ज्याला खरोखर जिवाची भीती आहे आणि ज्याला प्रशासनाने परवाना दिला आहे, त्याने तर जुन्या, डगडगत्या चक्रीवर जीव टांगणं सर्वांत आधी टाळायला हवं.

महागाईचा मुद्दाही बारकाईने बघावा. नवं रिव्हॉल्व्हर स्वस्त नाही. कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याचं हलकं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आलं तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. पण आजोबांच्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस कुठून आणणार? भारतात .३८, .४५५ किंवा ९ मिलिमीटर अशी पोलिस-लष्कराची मापं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. परवानाधारकांच्या भाषेत ती ‘पीबी’, म्हणजे प्रतिबंधित बोअर. म्हणून तर नागरी परवान्यावरचं भारतीय रिव्हॉल्व्हर प्रामुख्याने .३२ मापाचं असतं. गंमत अशी की कानपूरचं हे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच मार्क चार रचनेवर बेतलेलं आहे आणि अलीकडे वेब्लीच्या नावाने उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात .३२ रिव्हॉल्व्हरं बनूही लागली आहेत. मधोमध मोडून उघडणारी जी रचना जुन्या हत्याराचं आकर्षण आहे, ती नव्या पोलादात, चालू मापात, चाचणीच्या शिक्क्यासह दुकानात मिळते. मग जुनं घासून काय साधायचं?

कायद्याची बाजू तर फारच थोड्यांना नीट ठाऊक असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कलम ५ नुसार हत्याराचं उत्पादन, रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. मालकाकडे हत्यार बाळगण्याचा परवाना असला तरी त्याला आणि लेथवाल्याला घासण्याचा अधिकार मिळत नाही. कलम ६ तर थेट नळी आखूड करण्याबद्दल बोलतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या उल्लंघनाला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. घरबसल्या ‘जरा आखूड करून घेऊ’ म्हणणारा जावई प्रत्यक्षात केवढ्या मोठ्या गुन्ह्याची गोष्ट बोलत असतो, हे त्यालाच माहीत नसतं.

त्याच कायद्यात कलम ४५ हेही आहे आणि ते या वादाचं मर्म आहे. जुन्या, कालबाह्य धाटणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या ज्या हत्याराचा दुरुस्ती करूनही आणि न करताही बंदूक म्हणून वापर होऊ शकत नाही, अशा हत्याराला कायद्याने सूट दिली आहे. म्हणजे काही जुनी हत्यारं कायद्याच्या लेखी शोभेची वस्तू आहेत. ती चालू करायला निघालं की तीच वस्तू ‘बंदूक’ होते. ज्या घराकडे कागद नाहीत, ते कारागिराच्या दारात पाऊल टाकताच अडचणीत शिरतं. हत्यार सूट मिळण्याइतकं निकामी आहे की नाही, हे मालकाने आपलं आपण ठरवायचं नसतं. ते जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलिस ठाण्यात विचारायचं.

‘वस्तू आमच्या घराण्याची’ हा मुद्दा मनाला जास्त भिडतो. म्हणून त्याचं उत्तर परांड्यापासून द्यावं लागतं. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ प्रसिद्ध आहे, पण ती आधी परांड्याच्या किल्ल्यात होती, हे धाराशिवकरांनाही दर वेळी आठवत नाही. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही सुमारे ५५ टनांची तोफ परांड्याहून १६३२ साली विजापूरला नेली गेली. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर जिंकलं आणि तोफेवर आपला लेख कोरवला. १८५४ साली ती भंगारात निघाली, दीडशे रुपयांची बोली लागली आणि एका इंग्रज अधिकाऱ्याने विक्री थांबवली म्हणून वाचली. आज त्या तोफेवर बादशहाने कोरवलेला लेखही इतिहास आहे, तिच्यावरचे ओरखडेही इतिहास आहेत. ती वितळवून ‘कामाची’ केली असती तर त्या दीडशे रुपयांच्या धातूखेरीज काही उरलं नसतं.

लहान हत्याराची साक्ष याहून नाजूक असते, कारण ती काही आकड्यांत असते. भगतसिंगांनी सॉन्डर्सवर झाडलेलं .३२ कोल्ट पिस्तूल कित्येक दशकं कुठे आहे हेच कळत नव्हतं. ते इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेच्या संग्रहालयात, काळ्या रंगाच्या थराखाली होतं. रंग खरवडल्यावर १६८८९६ हा क्रमांक उघडा पडला, जुन्या खटल्याच्या कागदांशी जुळला आणि २०१७ मध्ये पिस्तूल पंजाबात हुसैनीवाल्याला गेलं. कुणी तरी गंज काढण्याच्या उत्साहात ते घासून चकाचक केलं असतं, तर आज ते नुसतं एक जुनं पिस्तूल असतं.

धाराशिव जिल्ह्याला शस्त्रांची आठवण उसनी आणावी लागत नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळ बोरी नदीचा पूल शाबूत ताब्यात घेतला, हैदराबादच्या फौजेशी चकमक झाली आणि त्याच दिवशी रणगाडे आणि ट्रक जळकोट, उमरग्याकडे सरकले. त्या काळातलं एखादं हत्यार आजही एखाद्या घरात असेल, तर त्याची गोष्ट नळीवरच्या शिक्क्यांत, चक्रीवरच्या आकड्यांत आणि मुठीवरच्या झिजेत आहे. लेथवर ती पहिल्यांदा जाते. शिवाय शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह पुसणं किंवा बदलणं हा गुन्हाच आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेल्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो.

मग घरातल्या रिव्हॉल्व्हरचं करायचं काय? रस्ते अवघड नाहीत. परवानाधारक वारले असतील तर हत्यार आधी पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, हे शस्त्र अधिनियमाचं कलम २१ सांगतं. वारसाने २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या नियम २५ नुसार स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं, ही २०१९ पासूनची मर्यादा वारशालाही लागू आहे. नको असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकता येतं, सरकारजमा करता येतं, संग्रहालयाशी बोलता येतं. ठेवायचं असेल तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून तपासून, साफ करून, काहीही न बदलता ठेवायचं.

आणि पुढच्या खंडेनवमीला पाटावर मांडण्याआधी चक्री उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे घरातल्या दोघांनी पाहायचं. हळदीचं बोट लावायचंच असेल तर मुठीच्या लाकडाला लावावं, पोलादाला नको. ओलं हळदीकुंकू कोरलेल्या आकड्यांत जाऊन बसतं आणि गंज तिथूनच धरतो. आरती झाली की कोरड्या सुती फडक्याने पुसायचं, तेलाचा हलका हात फिरवायचा आणि मलमल बदलून ते पुन्हा आतल्या खणात, कुलपात ठेवायचं.